अडली गाय फटके खाय

(धामणगाव बढे, ता. मोताळा, जि. बुलढाणा येथील मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मेळाव्यात कापसाच्या भावावर बोलणे होते, विजेच्या बिलावर होते, पीकविम्यावर होते. आज आम्ही बाळंतपणावर बोलणार आहोत, आणि तेही समोर बसलेल्या पुरुषांशी. हा बायकांचा विषय, त्यांनी त्यांच्यात बोलावा, असे कुणाला वाटत असेल तर त्याने एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. बाई घरात अडते, तेव्हा तिला दवाखान्यात न्यायचे की सकाळपर्यंत वाट पाहायची, हे कोण ठरवते? गाडी कोण सांगते? पैसे कोण मोजते? जिच्या पोटात कळा उठतात तिला यातले काहीही कुणी विचारत नाही. निर्णय पुरुषाच्या हाती आणि मरण बाईच्या वाट्याला, अशी ही वाटणी आहे. म्हणून आधी निर्णय घेणाऱ्याशी बोलले पाहिजे.

बाळंतपणात बाया पुष्कळ कारणांनी दगावतात. रक्त जाऊन दगावतात, झटके येऊन दगावतात, जंतू चढून दगावतात. आम्ही आज त्यातली एकच गोष्ट घेतली आहे: कळा चालू असताना गर्भाची पिशवी फाटणे. रक्त जाण्याइतकी ही गोष्ट वारंवार घडत नाही. तरीही हीच का घेतली? कारण यात बाईच्या अंगाचा दोष थोडा आणि भोवतालच्या माणसांच्या वागण्याचा दोष फार. जिच्या पोटावर पूर्वी कधी शस्त्रक्रिया झालेली नाही, अशा बाईची पिशवी उगाच एका क्षणात फाटत नाही. ती तासन् तास अगोदर सांगत असते. ऐकणारे नसतात.

पिशवी फाटते कशी?

कळ येते म्हणजे पिशवीचा वरचा भाग आवळतो आणि मुलाला खाली ढकलतो. खालचा भाग ताणला जातो, पिशवीचे तोंड उघडते आणि वाट मोकळी होते. हे नीट चालले तर बाई मोकळी होते. पण मूल आडवे असेल, डोके कमरेच्या हाडात अडकले असेल, किंवा मुलीचे लग्न कोवळ्या वयात झाल्याने हाडच पुरते वाढले नसेल, तर वाट मिळत नाही. वरचा भाग तरीही ढकलतच राहतो. तो जाड होत जातो, खालचा भाग ताणून ताणून कागदासारखा पातळ होतो. शेवटी तो फाटतो.

काळ्या मातीत बंडीचे चाक रुतले तर आपण काय करतो? खाली उतरतो, ओझे उतरवतो, चाकापुढची माती काढतो. तसे न करता बैलांना नुसते मारत राहिलो तर चाक निघत नाही, जू मोडते. इथेही तेच होते.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण गावात समज याच्या उलट आहे. गावात म्हणतात, पहिलटकरणीला जपा, दुसरे-तिसरे तर चालता-चालता होते. पहिलटकरणीला जपायचेच. तिचे बाळंतपण अडले तर बहुधा पिशवी थकते, कळा मंदावतात, मूल पोटात जाते. अडकलेल्या डोक्याच्या दाबाने लघवीची जागा सडून पुढे जन्मभर लघवी गळत राहते. हेही भयंकरच आहे. पण फाटण्याचा धोका जास्त असतो तो तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या खेपेच्या बाईला. नवा गोऱ्हा थकला की बसतो. कामाला सरावलेला बैल बसत नाही, तो जीव जाईस्तोवर ओढतो. अनुभवी बाईची पिशवी अशीच असते. "हिला काय होते, हिची दोन घरीच झाली," असे जिच्याबद्दल आपण बोलतो, नेमक्या तिच्याकडेच जास्त लक्ष हवे.

एका रात्रीचा हिशेब

एक रात्र मांडून पाहू. बाईचे नाव नको, गावाचे नको. ऐकणाऱ्याने आपापल्या गावचे घालावे.

पावसाळ्याचे दिवस. तिसरे बाळंतपण. बाई दिवसभर निंदणाला होती, संध्याकाळी पाच वाजता कळा सुरू झाल्या. सासू म्हणाली, मागच्या वेळी दोन तासांत झाली होती. रात्री दहाला कळा जोरात, मूल खाली येत नाही. घरचा माणूस म्हणतो, पांदणीत चिखल आहे, गाडी येणार नाही, उजाडू द्या. बाराला कुणीतरी इंजेक्शन देणाऱ्याला बोलावतो. तो एक सुई टोचतो, कळा दुप्पट होतात. सगळ्यांना वाटते, आता होईल. दोनला दुसरी सुई. आता दोन कळांच्या मधे विश्रांतीच नाही. बेंबीच्या आसपास पोटावर आडवी खाच दिसते. ती हळूहळू वर सरकते आहे, पण ती पाहायची असते हे कुणाला ठाऊक नाही.

साडेतीनला बाई एकदम किंचाळते, पोटात काही तुटल्यासारखे झाले म्हणते, आणि कळा थांबतात. घरात सगळ्यांना हायसे वाटते. "जरा पडू द्या तिला, दमली आहे." भावांनो, याच घटकेला पिशवी फाटलेली असते. रक्त बाहेर फारसे दिसत नाही, ते पोटात साठते. मूल पिशवीतून पोटात सरकते आणि काही मिनिटांत जाते. बाईला दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात, नाडी धावू लागते. मग मात्र पांदणीतून खाटेवर उचलून नेण्याइतके लोक जमतात. रात्री दहाला जमले असते तर चार माणसे पुरली असती.

तिथून पुढे मोताळा, मग राजूर घाट चढून बुलढाणा. किंवा मलकापूर, किंवा त्याही पुढे अकोला. फाटलेल्या पिशवीवर गोळी नाही, सलाईन हा उपाय नाही. पोट उघडून पिशवी शिवावी लागते, नाहीतर काढून टाकावी लागते. त्याला शस्त्रक्रिया करणारा लागतो, भूल देणारा लागतो आणि रक्त लागते. तिन्ही एका जागी, त्याच घटकेला. यातले एक नसेल तर उरलेल्या दोन्हींचा उपयोग नाही.

पान्ह्याचे इंजेक्शन

आता त्या सुईकडे वळू. ती सुई तुम्ही ओळखता. म्हैस पान्हा चोरते तेव्हा कुणीकुणी तिला जे टोचतात, तेच ते औषध. नाव ऑक्सिटोसिन. आईच्या अंगात ते मुळात निसर्गानेच तयार होते. ते दूध सोडवते आणि पिशवी आवळते. एकच औषध, दोन कामे.

मोठ्या दवाखान्यात हे औषध कळा वाढवायला वापरतात हे खरे. पण तिथे ते सलाईनमधून थेंब मोजून देतात. आधी मूल सरळ आहे ना, वाट मोकळी आहे ना, हे तपासतात. सिस्टर कळा मोजते, मुलाचे ठोके ऐकते. जरा जास्त झाले की थेंब बंद करतात. घरात टोचलेली सुई बंद करता येत नाही. एकदा मांसात गेलेले औषध परत काढून घेता येत नाही. वाट बंद आहे की उघडी हे न पाहता टोचणे म्हणजे रुतलेल्या बंडीच्या बैलांना चाबूक मारणे.

आपल्याकडे म्हण आहे, अडली गाय फटके खाय. आपण ती सावकारापुढे हात जोडणाऱ्या शेतकऱ्यासाठी वापरतो. पण अडलेली बाई आणि ती सुई पाहिली की ही म्हण शब्दशः खरी वाटते. आपल्या गोठ्यातली गाय अडली तर आपण तिला मारत नाही. ढोरांच्या डॉक्टरला बोलावतो, तो आधी हात घालून वासरू कसे आहे ते पाहतो. घरातल्या बाईला एवढाही न्याय मिळू नये?

सरकारने याचा एक उपाय करून पाहिला. या औषधाचा गैरवापर होतो म्हणून २०१८ साली केंद्र सरकारने खासगी कंपन्यांना ते देशात विक्रीसाठी बनवायला बंदी घातली. एकट्या सरकारी कंपनीने ते बनवायचे, असे ठरले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. न्यायालयापुढचा मुद्दा साधा होता: हे औषध बाळंतिणींचा जीव वाचवते, त्याचा तुटवडा पडला तर बाया मरतील. हेही खरेच आहे. मूल बाहेर आल्यावर लगेच याच औषधाची १० युनिटची सुई दिली तर पिशवी आवळते आणि रक्त जायचे थांबते. म्हणजे औषध वाईट नाही. मूल जन्मण्याआधी घरात टोचले तर ते घात करते, जन्मल्यावर योग्य हातांनी दिले तर तारते. तेव्हा गावात ठरवा: मूल बाहेर येईपर्यंत कळा वाढवणारी सुई घरात कुणी टोचायची नाही. टोचणारा कितीही ओळखीचा असो, घरात सुई आली तर ती थांबवा आणि गाडी बोलावा.

आकडे काय सांगतात?

आकडे सांगितले नाहीत तर मेळावा पुरा होत नाही. महाराष्ट्रात १९९८-९९ साली शंभरातली सुमारे ५३ बाळंतपणे दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा ९५ च्या जवळ गेला. बाळंतपणाच्या कारणाने दगावणाऱ्या मातांचे प्रमाण राज्यात २००१-०३ मध्ये दर लाख जन्मांमागे १४९ होते, ते २०१८-२० मध्ये ३३ झाले. ही घट खोटी नाही. आशाताईंनी, नर्सबायांनी, गाडी चालवणाऱ्यांनी ती कमावली आहे. साऱ्या जगाचे पाहिले तर २०२३ साली सुमारे २ लाख ६० हजार बाया बाळंतपणाने गेल्या, आणि दहातल्या नऊहून अधिक गरीब किंवा बेताच्या उत्पन्नाच्या देशांतल्या होत्या. श्रीमंत देशात शस्त्रक्रिया न झालेली पिशवी फाटणे इतके दुर्मीळ आहे की अनेक डॉक्टरांना उभ्या आयुष्यात ते पाहायला मिळत नाही. त्यांच्या बाया वेगळ्या मातीच्या आहेत काय? नाही. त्यांच्याकडे अडल्यावर वाट पाहत नाहीत, एवढाच फरक.

कोणती बाई अडेल हे आधी ओळखता येते का? पुरते येत नाही. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५-९६ मध्ये ३९ गावांतल्या ७७२ बाळंतिणींची घरोघर जाऊन पाहणी केली. दहात एकीचे बाळंतपण फार लांबले होते. शंभरात पंधराजणींना डॉक्टरची तातडीने गरज होती, म्हणजे दर सात बायांत एकीला. ती सातातली एक कोणती हे आधी कपाळावर लिहिलेले नसते. म्हणून तयारी सातही जणींची करावी लागते.

वेळ मोजण्याचेही साधन आहे. कळा, पिशवीचे तोंड किती उघडले आणि मुलाचे ठोके तासातासाला एका कागदावर मांडायचे. आफ्रिकेत, आजच्या झिंबाब्वेत, १९७२ मध्ये डॉक्टर फिलपॉट आणि कॅसल यांनी या कागदावर दोन तिरप्या रेघा ओढल्या. पहिली रेघ ओलांडली की दूरच्या केंद्रातल्या सुईणीने बाईला मोठ्या दवाखान्याकडे काढायचे, दुसरी ओलांडली की तिथल्या डॉक्टरने पाऊल उचलायचे. जागतिक आरोग्य संघटनेने इंडोनेशिया, थायलंड आणि मलेशियात ३५ हजारांवर बायांवर हा कागद वापरून पाहिला. १९९४ मध्ये निकाल आला: लांबलेली बाळंतपणे ६.४ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आली. २०२० मध्ये संघटनेने कागद बदलला, प्रत्येक बाईची चाल एकाच रेघेने मोजू नये असे सांगितले. पण तासातासाला पाहायचे आणि लिहायचे, हे कायम आहे. आपण बाजार समितीत काट्यावरची पावती मागतो. मग दवाखान्यात "ताई, तक्ता भरला का?" असे विचारायला लाजायचे कशाला?

जुना वण, नवा धोका

आता दवाखान्यात बाळंतपणे वाढली, तशी सिझरही वाढली. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रात दर चार बाळंतपणांतले एक सिझरने झाले. यातली किती गरजेची होती, हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे. आज एवढेच सांगतो की सिझर झालेल्या पिशवीवर वण राहतो. पुढच्या खेपेला कळा सुरू झाल्या की ताण त्या वणावर येतो. अशा दर शंभर बायांत सुमारे एकीचा वण कळांमध्ये उसवतो. वण उभा असेल तर धोका आणखी मोठा. दोन बाळंतपणांत दीड वर्षाचेही अंतर नसेल तरीही धोका वाढतो. आणि हा वण तासन् तास सूचना देईलच असे नाही.

इथे आपली एक रीत घात करते. पहिले बाळंतपण माहेरी. सिझर माहेरच्या दवाखान्यात झाले, कागद माहेरच्या पेटीत राहिले. दुसऱ्या खेपेला सासरच्या डॉक्टरने विचारले, वण आडवा की उभा, सिझर कशासाठी केले होते? कुणालाच सांगता येत नाही. पोटावरच्या कातडीची खूण पाहून आतला वण कळत नाही. सातबारा आपण पिढ्यान् पिढ्या जपून ठेवतो. बाईच्या सिझरचा कागदही तसाच जपा, तो तिच्याबरोबर सासरी पाठवा. आणि वण असलेल्या बाईचे बाळंतपण घरी किंवा लहान केंद्रात करायचे नाही. जिथे रात्रीसुद्धा शस्त्रक्रिया होते, तिथेच करायचे. तिला गर्भ पाडायच्या गोळ्याही मेडिकलमधून परस्पर आणून द्यायच्या नाहीत. त्याही पिशवी आवळूनच काम करतात.

तीन उशीर

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासक बायांनी १९९४ साली बाळंतिणींच्या मरणाचे तीन उशीर सांगितले. पहिला, घरात निर्णय घ्यायला उशीर. दुसरा, पोचायला उशीर. तिसरा, पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. त्या रात्रीचा हिशेब पुन्हा करा. पहिला उशीर आपला. दुसरा थोडा आपला, थोडा पांदणीचा. तिसरा सरकारचा.

सरकारशी आपण भांडलेच पाहिजे, पण आपल्या हातातला उशीर सरकारच्या नावावर टाकून चालणार नाही. कोरडवाहू मुलखात काय करता येते हे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडला दाखवून दिले. ज्वारी पिकवणाऱ्या त्या दुष्काळी भागात त्यांनी गावातल्याच, कमी शिकलेल्या बायांना आरोग्याचे शिक्षण दिले. पोटात मूल आडवे आहे, बाई पांढरी पडली आहे, हे त्या बायांना आधीच ओळखता येऊ लागले, आणि गावाला त्यांचे ऐकायची सवय लागली.

तर आता कामाचे बोलू.

एक. निर्णय कळा आल्यावर नव्हे, आठव्या महिन्यात घ्या. कुठल्या दवाखान्यात, कोणत्या गाडीने, सोबत कोण, रक्त लागले तर कोण देणार, हे चौघांनी बसून ठरवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. २०१६ पासून ती चालू आहे. तिथे मूल सरळ आहे का ते विचारा.

दोन. गाव पांदणीच्या आत असेल आणि दिवस पावसाचे असतील, तर बाईला आठवडाभर आधी डांबरी रस्त्याच्या गावी नातेवाइकाकडे नेऊन ठेवा. माल भिजू नये म्हणून कापूस आपण आधी हलवतोच ना?

तीन. या खुणा पाठ करा: जोराच्या कळांना बारा तास होऊन गेले, पाणी गेले पण कळा नाहीत, हात, पाय किंवा नाळ आधी दिसली, अंगावरून रक्त जाते, दोन कळांच्या मधे दुखणे थांबत नाही, पोटावर आडवी खाच दिसते, जोरात चाललेल्या कळा एकाएकी बंद पडल्या. यातली एक जरी खूण दिसली तरी वाट पाहायची नाही. आणि बारा तास ही शेवटची हद्द आहे, तिथपर्यंत घरात बसून राहायची मुभा नव्हे. वण असलेल्या बाईने पहिल्या कळेलाच निघायचे.

चार. १०८ ला फोन करा. बाळंतिणीसाठी १०२ ची गाडीही आहे. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषध, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी हे सगळे मोफत देण्याचा नियम आहे. कुणी पैसे मागितले तर पावती मागा. पैशाअभावी सकाळपर्यंत थांबलो, असे पुन्हा कुणाच्या तोंडून ऐकू येऊ नये.

पाच. तिसरा उशीर मोडायला सरकारला जाब विचारू. आपल्या तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात भूल देणारा डॉक्टर आठवड्यातल्या कोणत्या रात्री हजर असतो? रक्त कुठे मिळते? हे दारावर पाटी लावून सांगा, अशी मागणी आपण लेखी करू. इमारत बांधून फीत कापली म्हणजे दवाखाना होत नाही. रात्री दोन वाजता तिथे पोट उघडता येते का, हीच त्याची कसोटी.

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म असे आपल्या आया म्हणत आल्या. त्या भीतीपोटी म्हणत, कारण त्यांच्या हाती काही नव्हते. आपल्या हातात आज फोन आहे, गाडी आहे, रस्ता आहे, आणि कळल्या तर खुणाही आहेत. तेव्हा आज घरी गेल्यावर भाव काय फुटला हे सांगायच्या आधी घरात विचारा: आपल्याकडे, शेजारी, भावकीत कुणाला दिवस गेले आहेत, कितवी खेप आहे, आणि तिचे ठरले आहे का?